दुसरं वजन बाकी

संध्याकाळचा चहा घेऊन मी रोज काट्याच्या केबिनवर जाते. आमचं अंगण ओलांडलं की केबिन आलीच, चहावर साय धरायच्या आत पोचते. खालापूरहून कर्जतकडे निघालात की वस्ती संपल्यावर एक वजनकाटा लागतो. रस्त्याच्या कडेला जमिनीत बसवलेली लांबलचक लोखंडी पाटी आहे. तिच्यावर ट्रक चढला की केबिनच्या कपाळावर लाल आकडे पेटतात. विटा, खडी, भात, भंगार, या रस्त्याचं सगळं त्या पाटीवरून जातं. ऋषिकेश, म्हणजे आमचे हे, तिथे काटा चालवतात. मालकांनी मागच्या दोन खोल्या राहायला दिल्या आहेत. तिथे आम्ही राहतो, हे, सासूबाई, मी आणि आमची आरोही.

आरोहीचं आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आलं.

ती झाली तेव्हा माझ्या ओंजळीत मावेल एवढी होती. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती. मला बाहेरून बघू द्यायचे. तिची छाती वरखाली होते आहे का, एवढंच मी काचेला नाक लावून बघत बसायचे. तेव्हा मी माहेरच्या, पोशीरच्या गावदेवीला बोलले, की पोर जगू दे, पाचवं वर्ष लागलं की हिच्या भारंभार गूळ वाहीन. असा तुलेचा नवस असला की तो फिटेपर्यंत पोराला तोलायचं नसतं, असं आमच्याकडे धरतात. देवीच्या आधी दुसऱ्या कुणी तोलायचं नाही. अंगणवाडीत मात्र दर महिन्याला वजन करावं लागतं. त्यावर सासूबाईंनी तोड काढली होती. म्हणायच्या, "सरकारच्या काट्याला नजर नस्ते गं. त्यांला पोर कुठं दिसतंय, निस्ता आकडा दिसतोय."

पण रस्त्यावरच्या आमच्या काट्याच्या पाटीवर आरोहीने पाय ठेवायचा नाही, हा माझा नियम होता. हे हसायचे. "ट्रकचा काटा हाय तो. ही चिमणी त्याला कळणारसुद्धा नाय." मी म्हणायचे, न का कळेना, पाय ठेवायचा नाही. मला भीती वाटते, काय करू. ती झोपली की मी अजूनही नाकाखाली बोट धरून बघते.

तेव्हा केबिनमध्ये जुना कम्प्युटर होता. पाठीला कुबड असलेला जाड पडदा आणि शेजारी करकर करत पावती ओकणारा प्रिंटर. त्यातला वजनाचा प्रोग्राम काट्याचे पहिले मालक शरच्चंद्रअण्णा यांनी कर्जतच्या एका मुलाकडून मराठीत करून घेतला होता. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची. मी सातवी शिकलेली, मला तेवढी सहज वाचता येत. हे जेवायला बसले की मीही पावती काढून द्यायचे. त्यात अवघड काही नव्हतं. भरलेली गाडी आली की पहिलं वजन घ्यायचं. माल उतरवून रिकामी परत आली की दुसरं. मधला फरक तो माल. दुसरं वजन होत नाही तोवर त्या गाडीची नोंद उघडी राहते.

अण्णांची शिस्त अशी, की दिवेलागणीला दिवसाचा हिशेब वाढवायचा. बंद करायचा असं कुणी म्हणायचं नाही, वाढवायचा. तो वाढवायला घेतला की कम्प्युटर उघड्या नोंदी एकेक करून पुढे आणायचा. पडद्याच्या मधोमध चौकट यायची, 'दुसरे वजन बाकी. घ्यायचे?' आणि खाली दोन शब्द, होय आणि नंतर. दोन्हीसाठी वरच्या रांगेत वेगळ्या कळा होत्या. नंतरच्या कळेवरचं अक्षर दाबून दाबून पुसून गेलं होतं. होयची कळ करकरीत कोरी होती, नुसती धूळ बसलेली. कारण होय म्हणायची वेळ येत नसे. गाडी परत आली की नोंद आपोआपच मिटायची.

एक नोंद मात्र रोज यायची. फार जुनी. ही नोकरी लागली तेव्हा आधीच्या येसाजीकाकांनी ह्यांना काम शिकवलं होतं. काका कशेळ्याकडचे. डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून सोडून गेले. जाताना ह्यांना म्हणाले होते, "ह्या एका नोंदीला रोज नंतर म्हनायचं. हो म्हनू नको, आनि चुकवू पन नको."

त्या वेळी बाहेर रिकाम्या पाटीवर दहा किलो दिसायचे. रोज नाही, पण पुष्कळदा. उजेड जायच्या बेताला, पाटीवर चिटपाखरू नसताना, लाल आकड्यांत दहा. ह्यांनी नंतरची कळ दाबली की त्याचं शून्य व्हायचं. "वायरीत ओल जाते," हे म्हणायचे. मीही तसंच धरून चालले होते. कुकरची शिट्टी जशी, तसं ते दहा. घरात सवयीचं झालं होतं.

अण्णा वारले. त्यांची लेक पद्मजाताई कर्जतला असते, ती आता सगळं बघते. तिने नवा प्रोग्राम घ्यायचं ठरवलं. तिचंही खरंच होतं. जुना कम्प्युटर मध्येच गोठायचा, मग ट्रकांची रांग रस्त्यावर जायची आणि ड्रायव्हर ह्यांच्या नावाने शिव्या घालायचे. ताई म्हणाली, "अण्णांची आठवण म्हणून मलाही हे मोडवत नाही रे ऋषिकेश. पण एक दिवस हा आपणहून बसला, तर इतक्या वर्षांचं सगळं घेऊन बसेल. त्याआधी नीट निरोप देऊ."

निरोप द्यायला यज्ञेश आला. पोरगेलासा, चष्मेवाला, बोलायला गोड. कर्जतचाच. काही दिवस जुना नि नवा असे दोन्ही कम्प्युटर शेजारी शेजारी चालत होते, आणि तो जुन्यातलं सगळं नव्यात नेऊन ठेवत होता. आरोहीची त्याच्याशी लगेच गट्टी जमली. त्याच्या बॅगेतल्या गोळ्या कुठल्या कप्प्यात असतात हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

शेवटच्या दिवशी ती चौकट आली तेव्हा मी घरात चहा करत होते. केबिनमधलं बोलणं ह्यांनी मला नंतर सांगितलं.

यज्ञेश म्हणाला, "ही कसली हो नोंद? एवढी जुनी?"

"ऱ्हाऊ दे ती. काका सांगून गेलेत."

"काय सांगून गेलेत?"

"नंतर म्हणायचं."

"कशासाठी?"

"ते नाय विचारलं. त्यांनी दाब म्हटलं, मी दाबतो. मला पगारच दाबायचा मिळतो."

यज्ञेश हसला. म्हणाला, "दादा, नव्यात उघडी नोंद नेता येत नाही. ही मिटली की जुना बंद. एवढ्यावरच अडलंय."

"मग टाक काहीतरी आकडा आणि मिटव."

"तेच तर होत नाही. अण्णांनी हाताने वजन टाकायची सोयच ठेवली नाहीये, चोरी नको म्हणून. पाटीवर खरंच काहीतरी वजन लागेल."

"तूच जाऊन उभा ऱ्हा की. तेवढंच तुझं पण कळेल, सासुरवाडीला सांगायला."

यज्ञेश उठला, तेवढ्यात आकड्यांकडे बघून थांबला. "अहो, दहा दिसतायत. वीस झाले. चाललं की," असं म्हणाला आणि त्याने होय दाबलं.

मी चहा घेऊन अंगणात आले ती त्याच वेळी. आरोही पाटीच्या मधोमध उभी होती. सासूबाई तिची वेणी घालता घालता तेल आणायला आत गेल्या होत्या, तेवढ्यात ही निसटली. अर्धी वेणी सुटलेली. रस्त्याकडे तोंड करून शांत उभी होती, आणि तिचा डावा हात अंगापासून जरासा बाजूला होता. जत्रेत आपण मुलाचं बोट धरतो ना, तसा.

"आरोही..." मी हळूच हाक मारली. मोठ्याने मारवेना.

तिने हात खाली घेतला. आत प्रिंटर करकरला. वरचे लाल आकडे हलले आणि शून्यावर आले. आरोही अजून पाटीवरच उभी होती.

मी कप खाली ठेवला आणि तिला उचललं. उचलताना माझा तोल मागे गेला. भरलेला समजून हंडा उचलावा आणि तो रिकामा निघावा, तसं झालं.

त्यानंतरचे दिवस तसे चांगलेच गेले. नवा कम्प्युटर झटपट चालायचा, पावती मालकांच्या मोबाईलवर जायची, ड्रायव्हर खूष. जुना कम्प्युटर आतलं सगळं पुसून भंगारात द्यायला यज्ञेश कर्जतला घेऊन गेला. चौकट यायची थांबली.

आरोही खात होती, खेळत होती. उलट आधीपेक्षा जास्तच खायची. पण तिच्या पावलांचा आवाज येईनासा झाला. आमच्या घराला पत्र्याची पायरी आहे, कुणीही चढलं की ती वाजते. मांजर चढलं तरी वाजते. आरोही चढली की वाजत नव्हती. रात्री ती माझ्या हातावर झोपायची, पण हाताला मुंग्या येत नव्हत्या. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुला ना, काळजी करायला काय नसलं की झोप लागत नाय."

आणि दिवेलागणीला ती पाटीच्या कडेला जाऊन उभी राहायची. कर्जतच्या बाजूला बघत. मी आत ओढली तर रडायची नाही, पुन्हा जायची. एकदा विचारलं, काय बघतेस गं?

"गाडी येनार हाय."

"कुठली गाडी?"

"इटांची. ती गेलीया रिकामी व्हायला."

असं गावंढळ ती कधी बोलायची नाही. घरात आम्ही तिच्याशी शुद्ध बोलतो, शाळेत अडायला नको म्हणून. सासूबाईंनी ते ऐकलं आणि हातातली वात तशीच खाली ठेवली.

मग अंगणवाडीत वजनाचा दिवस आला. सेविकाताईंनी तिला झोळीत बसवलं. वर काट्याची सुई असते. ती जागची हलली नाही. ताईंनी झोळी काढली, पुन्हा अडकवली, काट्याला चापट मारली. दुसरं पोर बसवलं तर सुई झर्रकन फिरली. आरोहीला बसवलं तर तशीच. "काटा बिघडला वाटतं," ताई म्हणाल्या, आणि वहीत मागच्या महिन्याचाच आकडा टाकला. मी हो म्हटलं. घरी येईपर्यंत मी तिला खाली उतरवलंच नाही. पदराने स्वतःशी बांधून आणली. वारा सुटला होता, म्हणून.

त्या संध्याकाळी मीच ह्यांना म्हणाले, आपल्या पाटीवर उभी करून बघू. माझा नियम मीच मोडला.

हे तिला घेऊन गेले, पाटीवर ठेवलं आणि बाजूला झाले. नव्या कम्प्युटरबरोबर बसवलेले आकडे आणखी मोठे आहेत, घरातूनसुद्धा दिसतात. शून्य. हे म्हणाले, "एवढं कमी वजन धरत नसेल." मग तिला उचलून केबिनच्या उंबऱ्यावर आणून बसवलं. पाटी मोकळी झाली.

लाल आकड्यांत दहा आले.

हे उंबऱ्यावर आरोहीच्या शेजारी बसले. मी आणलेला चहा त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "उद्या काकांकडे जाऊन ये. मी काटा सोडून निघू शकत नाय... आणि हिला घरात ठेव."

मी कर्जतला उतरून जीपने कशेळ्याला गेले. येसाजीकाका लेकीच्या ओटीवर बसले होते. त्यांना दिसत नाही, पण मी कोण ते सांगायच्या आधीच म्हणाले, "काट्याकडनं आलीस व्हय. मिटवली नोंद?"

मी सांगितलं, कुणी कशी मिटवली ते. आरोहीचं सांगताना मला हुंदका आला तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"इटांची गाडी हुती," ते म्हणाले. "भट्टीवरनं भरून आल्याली. इटांवर एक बाई आनि तिची पोर बसल्याली. पहिलं वजन झालं. पोरीला तहान लागली म्हनून ती खाली उतरली, मी पानी दिलं. तेवढ्यात गाडी निघून गेली. आईला वाटलं असंल, पोर मागच्या बाजूला बसलीया. पोर पाटीवर हुबी. आकड्यात धा किलो."

"मग?"

"मी तिला नाव इचारलं. चिंधी म्हनाली. आधीची पोरं जगली नसतील, म्हनून ठेवलं असंल असं नाव... मी म्हनलं, चिंधे, रडू नको. गाडी रिकामी झाली की हितंच येती, वजनाला यावंच लागतं तिला. तू हितंच हुबी ऱ्हा. पोर शानी, हुबी ऱ्हायली. तेवढ्यात लाईट गेली. मी आत कंदील लावला नि भाईर आलो. तर पाटीवर कुनी नाय. लई हुडकली. पोलिस पन आले."

"आणि गाडी?"

"फुडच्या वळनावर उलटली. तिची आय तिथंच गेली."

ओटीवर कोंबड्या फिरत होत्या. काकांच्या लेकीने आतून चहा ठेवू का विचारलं.

"मंग रोज सांजचा तो कम्प्युटर इचारायचा, दुसरं वजन घ्यायचं का," काका म्हणाले. "मी तिला सांगितल्यालं, गाडी यील. मंग मी नोंद कशी मिटवू? नंतर म्हनायचो. तिला बरं वाटायचं असंल. आकडा शून्यावर जायाचा. ती तिची थांबायची जागा हुती गं. तुमी ती मिटवली, मंग ती तुज्या पोरीच्या जागंवर येऊन थांबली. तुजी गेली तिच्या जागंवर."

"आता काय करू काका?"

"मला नाय ठाव, पोरी. मी काय मांत्रिक नाय, मी काटेवाला हाय. मिटल्याली नोंद काय उघडत नाय. पन नवं पहिलं वजन घेता येतंय. तिला थांबायला कायतरी बाकी पायजे... येवढंच मला कळतंय."

जीपमध्ये बसल्या बसल्या मी यज्ञेशला फोन लावला. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "वहिनी, तो कम्प्युटर मी आजच पुसायला घेणार होतो. पण सकाळपासून चालू केला की एकच चौकट येतेय. दुसरे वजन बाकी. मी ती नोंद मिटवली होती. नोंद उघडी नाहीये, तरी येतेय."

"पुसू नका," मी म्हटलं. "घेऊन या."

दिवेलागणीच्या आधी तो गाडीच्या मागच्या सीटवर तो कम्प्युटर घालून घेऊन आला. त्याने मुकाट्याने सगळ्या वायरी पुन्हा जुन्याला जोडल्या. पद्मजाताईला विचारलंस का, असं ह्यांनी म्हटलं तर म्हणाला, "ताईंना मी सांगेन काहीतरी." पडदा निळा झाला. बाहेर उजेड मावळत होता. विटांचा वास येत होता, भाजलेल्या, ओल्या विटांचा, आणि त्या दिवशी एकही विटांची गाडी आली नव्हती.

पाटी रिकामी होती. आकड्यात दहा.

मी आरोहीला कडेवर घेतलं आणि पाटीवर गेले. लोखंड दिवसभर तापलेलं असतं, पण चपलेतूनसुद्धा मला ते गार लागलं. वर आकडे बदलले. पन्नास. माझे चाळीस आणि ते दहा. कडेवरच्या माझ्या पोरीचं काहीच नाही.

आजूबाजूला कुणी दिसत नव्हतं. पण माझ्या साडीची निरी एका बाजूला ओढल्यासारखी ताणली गेली होती.

मला वाटलं होतं, मी काहीतरी मागेन, हातापाया पडेन. तसं काही सुचलं नाही. रस्त्याच्या कडेला एकटं पोर दिसलं तर बाई जे म्हणेल तेच तोंडातून गेलं.

"चिंधे," मी म्हटलं, "गाडीला उशीर आहे. तोवर आमच्याकडे चल. जेवून घे."

कडेवर भार आला. एकदम नाही. झोप लागताना पोर जसं जड होत जातं, तसा. माझी कंबर वाकली. आरोहीने मान माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "आई, भूक लागली."

वर साठ झाले होते. केबिनमधून यज्ञेशने विचारलं, "वहिनी... तुमचं वजन किती हो?"

"चाळीस."

ह्यांनी पहिल्या वजनाची कळ दाबली. गाडीच्या नंबराच्या जागी काय टाकू, विचारलं. मी म्हटलं, माझं नाव टाका. प्रिंटर करकरला. मग मी आत गेले. चौकट आली, दुसरे वजन बाकी, घ्यायचे? आणि मी माझ्या हाताने नंतर दाबलं.

दुसऱ्या दिवशी पत्र्याची पायरी वाजली. सासूबाईंनी आरोहीला सात वेळा वरखाली पळायला लावलं आणि कान देऊन ऐकत बसल्या. पुढच्या महिन्यात अंगणवाडीतली सुई आपल्या जागी आली. थोडी वरच गेली.

रिकाम्या पाटीवर त्या दिवसापासून एकदाही दहा आले नाहीत.

आरोहीला पाचवं लागलं तेव्हा आम्ही पोशीरला नवस फेडायला गेलो. देवळासमोरच्या मोठ्या तराजूत एका पारड्यात ती बसली, नवा परकर घालून, गुडघे पोटाशी घेऊन. पारडं मोठं होतं, पण ती कडेला सरकून बसली होती. मी म्हटलं, मध्ये बस. म्हणाली, "मावत नाही."

अंगणवाडीच्या आकड्याप्रमाणे गूळ नेला होता, वर दोन ढेपी जास्त. सगळा घातला तरी तिचं पारडं उचललं नाही. माझा भाऊ म्हणाला, "ताई, तू हिला खायला काय घालतेस गं?" लोक हसले. कुणीतरी दुकानातून आणखी गूळ आणला. तोही घातला. आणलेल्याच्या जवळजवळ दुप्पट झाला तेव्हा पारडी समोरासमोर आली. भाऊ तराजूची साखळी तपासत होता. हे माझ्याकडे बघत होते. मी गूळ लावत होते. मनात म्हटलं, दोघींचं फिटू दे, आई.

त्या दिवसापासून मी ताटं वाढताना एक वाटी जास्त मांडते. आरोही रात्री भिंतीला चिकटून झोपते, निम्मी गादी मोकळी ठेवून. सासूबाईंनी परवा चौकातून दोन रिबिनी आणल्या, एकाच रंगाच्या.

काटा आता नव्या कम्प्युटरवर चालतो. जुना आमच्या आतल्या खोलीत आहे, देव्हाऱ्याच्या खाली. पद्मजाताईला यज्ञेशने काय सांगितलं ठाऊक नाही, पण तिने तो पुन्हा मागितला नाही. यज्ञेश सवड काढून येतो, पंखा साफ करतो, कान लावून ऐकतो. म्हणतो, "वहिनी, याचे भाग आता कुठेच मिळत नाहीत. जपून वापरा." लाईट जाते म्हणून ह्यांनी इन्व्हर्टर बसवला. दिवेलागणीला मी आधी समई लावते, मग कम्प्युटर. हल्ली तो उठायला फार वेळ घेतो. पडदा काळाच राहतो, आत काहीतरी खरडल्यासारखं वाजतं, आणि मी हात जोडल्यासारखी समोर बसून राहते. मग निळं होतं. चौकट येते. त्या नोंदीवर आता माझं नाव आहे. मी नंतर म्हणते, आणि आम्ही जेवायला बसतो.

काल सकाळी मी त्या कम्प्युटरवरचा कपडा झटकायला काढला. होयच्या कळेवर पुन्हा धूळ बसली आहे. ती मी मुद्दाम पुसत नाही, चुकून दाबली जायला नको म्हणून. त्या धुळीत मधोमध एक स्वच्छ ठिपका होता. कुणीतरी बोट टेकवून बघितलं होतं. दाबलं नव्हतं, नुसतं टेकवलं होतं.

मी आरोहीला हाक मारली. रागावले नाही. तिचं बोट धरलं आणि हलकेच त्या ठिपक्यावर धरून पाहिलं.

तिचं बोट मोठं होतं. चांगलं मोठं. वर्षभरात वाढली आहे ती.